किरणांसाठी बांधलेली खोली

माझ्या पूर्वेकडच्या भिंतीवर एक पुसट पट्टा आहे. रुंदी साधारण चार बोटे. तो माणसाच्या कमरेच्या थोडा वर सुरू होतो आणि सरळ चढत जातो. खालच्या भागात चुना घासून गुळगुळीत झाला आहे. वर जावे तसा पट्टा फिका होत जातो. त्याचे वरचे टोक मात्र एका जागी थांबत नाही. काही दिवस गेले की ते थोडे वर सरकलेले असते. दिवा लावून इथे कोणी फारसे थांबत नाही, त्यामुळे हा पट्टा कोणाच्या नजरेला पडलेला नाही. तो माझ्या अंगावर आहे म्हणून मला ठाऊक आहे.

मित्रांनो, मी एक जुनी, बिनखिडकीची खोली आहे. अंबरनाथला आनंदनगरच्या कारखान्यांच्या अलीकडे एक मध्यम आकाराचे इस्पितळ आहे. त्याच्या मागच्या अंगाला, जनरेटरच्या शेजारी, मी उभी आहे. माझ्या भिंती चार हात जाड आहेत. एवढ्या जाड भिंती कुठल्या घराला लागत नाहीत. मला लागल्या, कारण माझ्यात कर्करोगावर किरण सोडणारे यंत्र बसायचे होते.

डॉक्टर त्या उपचाराला रेडिएशन म्हणतात. आमच्या भागातली माणसे त्याला शेक म्हणतात. शेक दुखत नाही. गाठ जिथे आहे किंवा होती, तिथे नेमके किरण सोडतात आणि तिच्या पेशी हळूहळू मरतात. पण तो एका दिवसात होत नाही. रोज थोडा थोडा घ्यावा लागतो, शनिवार-रविवार सोडून, कित्येक आठवडे. त्या वेळी रोगी आत एकटा झोपतो आणि बाकी सगळे बाहेर जातात. बाहेरच्यांना किरण लागू नयेत, म्हणून माझ्यासारख्या खोल्यांच्या भिंती जाड असतात आणि आत यायची वाट मुद्दाम वाकडी असते. किरण सरळ जातात. वळण घ्यायला त्यांना जमत नाही.

मला हिंदुराव मिस्त्रींनी बांधले. माझे काँक्रीट ओतायला सुरुवात झाली तेव्हा ते मजुरांना म्हणाले, "आता भिंत पुरी होईपर्यंत हात थांबवायचा नाही. मध्येच सुकलं तर सांधा राहील. पाणी गळलं तर दिसतं तरी, किरण गळलेले दिसत नाहीत." त्यांनी स्वतःही घमेली उचलली. काम संपल्यावर त्यांनी माझ्या भिंतीवर तळहात आपटला आणि म्हणाले, "हिच्या आत कोण बोललं तर बाहेर चिटपाखराला कळायचं नाही." ती माझी पहिली शाबासकी. त्याच शाबासकीत माझे पुढचे आयुष्यही होते, हे तेव्हा मला कळले नाही.

कारण यंत्र आलेच नाही.

झाले असे. यंत्र महाग असते, ते कुठे द्यायचे हे वरून ठरते. कागद घेऊन एक अधिकारी आले होते. त्यांनी माझ्या मधोमध उभे राहून सांगितले, "उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, तिन्ही मिळून वर्षभरात शेक घेतलेली माणसं अगदी थोडी आहेत. इथे यंत्र बसवलं तर ते दुपारपर्यंतच चालेल." मग यंत्र दुसऱ्या शहराला गेले. त्या दिवशी मला ते पटले होते. खोलीला आकड्यांशी भांडता येत नाही.

मग माझ्यात सामान येऊ लागले. चाक तुटलेल्या खुर्च्या आल्या. गंजलेल्या खाटा आल्या. साथीच्या वर्षांत प्राणवायूच्या नळकांड्या आल्या आणि गेल्या. इस्पितळातल्या गणपतीचे थर्माकोलचे मखर दर वर्षी येते आणि दर वर्षी थोडे मोडून परत येते. मला नाव पडले गुहा. "स्टूल कुठाय?" "गुहेत टाक." नाव ठेवणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हते. पण गुहेत कोणी राहायला येत नाही. माझ्या वाकड्या वाटेतून जनरेटरची घरघर येते, कारखान्याचा भोंगा येतो, आणि माणसांचे बोलणे दुसऱ्या वळणापर्यंत येऊन विरून जाते. शब्द कळत नाहीत, फक्त कोणीतरी कोणाशी तरी बोलते आहे एवढे कळते. एकटेपणाला याहून वेगळे काही लागत नाही.

रोज आत येणारी एकच बाई होती. अंजना. ती उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये राहते आणि इस्पितळात ठेकेदाराच्या हाताखाली झाडलोट करते. माझी किल्ली तिच्याकडे असते. झाडू मारता मारता ती स्वतःशी बोलते, आणि इथे ऐकायला कोणी नाही म्हणून खरे बोलते. घराशेजारच्या दुकानातल्या मुकेशशेठची ती नक्कल करते, "साईं, उधार बंद है, लेकिन आप के लिए चालू है," आणि एकटीच हसते.

गेल्या पावसाळ्यानंतर ती काही दिवस आली नाही. आली तेव्हा बाहेर सगळ्यांना तिने सांगितले की भावाकडे लग्न होते. आत येऊन तिने दार लोटले, झाडू टेकवला आणि उजवा हात माझ्या भिंतीला लावला. मग कोळी चढावा तशी बोटे एकेक करून वर चढवू लागली. छातीच्या उंचीवर आल्यावर तिच्या तोंडून "आई गं" निघाले आणि हात खाली पडला. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा बोटे चालवली. तो पट्टा असा तयार झाला.

झाडता झाडता ती जे पुटपुटली, त्यातून मला सगळे कळले. ठाण्याच्या एका दवाखान्यात तिच्या छातीतली गाठ काढली होती. गाठ लहान होती म्हणून तेवढीच काढली. डॉक्टरांनी बजावले होते की अर्धे काम झाले आहे, उरलेले शेक करील, उशीर करू नका. मुंबईत परळच्या कर्करोग इस्पितळात जायची चिठ्ठीही दिली होती. शेक घेताना हात डोक्यावर ठेवून झोपावे लागते, म्हणून हाताचा हा व्यायाम शिकवला होता. अंजना व्यायाम न चुकता करत होती. परळला मात्र जात नव्हती. "संक्रांत होऊ दे," ती म्हणायची. संक्रांत झाली. "शिमगा होऊ दे."

मित्रांनो, ज्या उपचारासाठी मला बांधले, तोच उपचार हवा असलेली बाई रोज माझ्या भिंतीला हात लावून उभी राहत होती, आणि माझ्याकडे तिला द्यायला फक्त भिंत होती.

शिमग्याच्या आधी मालिनी आली. ती बदलापूरला कात्रपमध्ये राहते. पदार्थविज्ञान शिकलेली, कमी बोलणारी. कोणत्या भागाला कोणत्या उपचाराची किती गरज आहे याचा अंदाज काढणे हे तिचे काम. इस्पितळाच्या विश्वस्तांनी माझ्याबद्दलचा अंदाज पुन्हा काढायला तिला बोलावले होते. त्यांचे अध्यक्ष गुरुदत्तसाहेब, कारखान्यातून निवृत्त झालेले अधिकारी, तिला माझ्याकडे घेऊन आले.

"वर एसी केबिन देतो तुम्हाला," ते म्हणाले. "इथे मोबाईलसुद्धा लागत नाही."

"म्हणूनच इथे बसते," मालिनी म्हणाली.

"बसा. पण मी स्पष्ट सांगतो. औषधांचा साठा ठेवायला ही खोली मागतायत. निदान उपयोग तरी होईल. मशीनचं म्हणाल तर इथली माणसं शिंक आली तरी मुंबईला जातात. आणायचं आणि झाकून ठेवायचं का?"

"मग खोली औषधांना द्यायचं ठरलंय?"

"ठरलं नाही. तुमचे आकडे येऊ देत. मग पुढच्या मीटिंगला बघू."

हे 'पुढच्या मीटिंगला बघू' मी इतकी वर्षे ऐकले आहे, की माझ्या छताला तोंडपाठ असेल.

मालिनीने तुटक्या खुर्च्या बाजूला सारून एक घडीचे टेबल मांडले. जुनी पद्धत तिने आधी जशीच्या तशी करून पाहिली. मुंबईच्या मोठ्या इस्पितळांत इथल्या किती लोकांनी शेक घेतला, ते मोजले. उत्तर तेच आले. थोडे. ती लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत बसली. एवढी माणसे राहतात, एवढे कारखाने, एवढ्या इमारती, आणि रोगी मूठभर. तिला ते जुळत नव्हते, पण का जुळत नाही हे सापडत नव्हते. मला वाटले, हीसुद्धा उठेल आणि जाईल.

दुपारी डबा खायला अंजना तिच्यासोबत बसू लागली. माझ्यात दोन माणसे एकमेकांशी बोलत बसली आहेत, हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

"एवढं काय मोजता हो मॅडम? डोळे गेले तुमचे."

"आपल्याकडच्या किती जणांना शेक लागतो ते."

अंजनाचा घास हातातच राहिला. मग तिने तो खाल्ला. "किती निघाले?"

"फारच कमी."

"मग चांगलंय की. टेन्शन नही."

"चांगलं नाही. खोटं आहे बहुतेक. पण कुठे खोटं आहे ते कळत नाही."

अंजनाने चटणीची वाटी पुढे सरकवली. "तुमच्या घरात कोणाला झालाय? उगीच विचारते."

"आईला. गेली ती."

"कुठं नेलं होतं?"

"परळला. माहीमला मामा राहतात. त्यांच्याकडून न्यायचो."

"मग पत्ता मामाचा लावला असणार."

"हो, मामाचाच. बदलापूर सांगितलं की लांबची तारीख देतात, असं सगळे म्हणायचे, म्हणून मी..." मालिनी थांबली.

"सगळेच लावतात," अंजना म्हणाली. "आमच्या चाळीत बघा. एक म्हातारा राहतो कॅम्प एकला, कागदावर लालबागचा. कोण नणंदेचा पत्ता लावतं, कोण साडूचा. एक तर म्हणे मालकाच्या बंगल्याचा लावून आला. पाच आठवडे जुहूचा होता बिचारा."

अंजना हसली. मालिनी हसली नाही. तिने चमचा डब्यात ठेवला. "म्हणजे माझी आई जन्मभर बदलापूरला राहिली," ती हळू म्हणाली, "आणि मोजणीत ती माहीमची आहे."

त्या दुपारी मला माझ्या रिकामेपणाचे कारण कळले. कोणी दुष्टपणा केला नव्हता. आपल्या माणसाला लवकर तारीख मिळावी म्हणून घरोघरी थोडासा पत्ता बदलला गेला, आणि तीन शहरांतले रोगी हिशेबातून निघून गेले.

पण मालिनी तेवढ्यावर थांबली नाही. तिच्या मनात दुसरा प्रश्न आला होता. पत्ता बदलणारे निदान पोचले तरी. जे पोचलेच नाहीत त्यांचे काय? ती पुढचे काही दिवस बाहेर फिरत होती. वांगणीकडे गेली, बारवी धरणाच्या बाजूच्या पाड्यांवर गेली. माझ्यात पुन्हा जनरेटरची घरघर उरली. अंजना यायची, बोटे चालवायची आणि रिकाम्या टेबलावरची धूळ पुसायची. एकदा ती टेबलाला म्हणाली, "मोजा बाई लवकर."

मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

मालिनी परत आली ती उन्हाने काळवंडून. अंजनाने न विचारता तिच्यापुढे पाणी ठेवले.

"झालं का मोजून?"

"होत आलं. आता मी उलटीकडून मोजते," मालिनी म्हणाली. "कोण कुठे पोचलं ते सोडून दिलं. इथे माणसं किती राहतात, त्यांच्यात दर वर्षी कोणकोणता कर्करोग किती जणांना होत असणार, आणि त्यातल्या किती जणांना शेक मिळायला हवा, तसं. साधारण निम्म्यांना कधी ना कधी तो लागतोच."

"मग?"

"एक यंत्र पुरणार नाही इतके आहेत."

अंजनाने पदराने तोंड पुसले. तिचा चेहरा उजळला होता. मालिनीचा मात्र उजळला नव्हता.

"पाड्यावर एक बाई भेटली," ती म्हणाली. "तुळशी नाव. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग. गेल्या वर्षी कळला तेव्हा शेक घेतला असता तर बरी व्हायची शक्यता चांगली होती. पण लावणीचे दिवस होते. घरचे म्हणाले, लावणी होऊ दे. मग भात कापायचं आलं. मग झोडायचं. आता डॉक्टर म्हणतात, शेकाने दुखणं कमी होईल, बाकी काही होणार नाही. माझ्यासमोर तिने चहा केला. उभं राहवत नव्हतं तिला, भिंतीला धरून केला."

"केवढी आहे?"

"तुमच्याएवढी असेल."

अंजना उठली. तिने झाडू घेतला आणि झाडून झालेल्या जागेवरच पुन्हा झाडू लागली. पाठ मालिनीकडे होती.

"ती तुमच्या मोजणीत आहे का?"

"आधीच्या नव्हती. आता आहे. नावाने नाही, पण तिच्यासारख्या सगळ्याच आहेत."

"आणि मी?"

मालिनीला कळले नाही. "तुम्ही काय, अंजनाताई?"

अंजनाने झाडू खाली ठेवला आणि सगळे सांगितले. ठाण्याचा दवाखाना, भावाकडचे खोटे लग्न, चिठ्ठी. सुटी घेतली तर ठेकेदार दुसरी बाई लावील. परळजवळ राहायचे तर लालबागच्या नणंदेची खोली एवढीशी, आणि मागच्या खेपेला तिने ऐकवले होते, "आमचं घर काय धर्मशाळा आहे का?" हे सगळे मी भिंतीपाशी ऐकले होते. पण पुढचे वाक्य मीही पहिल्यांदा ऐकले.

"तुम्ही मोजायला आलात ना, तेव्हा वाटलं, आता मशीन येणार. मग इथंच घेईन. रोज झाडते ती खोली, माझीच आहे म्हणायची. इथं भीती नाही वाटायची. म्हणून थांबले."

मालिनी तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. तिला गोड बोलता येत नव्हते, आणि तिने तसा प्रयत्नही केला नाही.

"अंजनाताई, माझे आकडे वर जातील. मग मीटिंगा होतील. गुरुदत्तसाहेब अजून हो म्हणालेले नाहीत. म्हणाले तरी यंत्र येऊन सुरू व्हायला वर्षं जातील. तुमच्यासाठी ते येणार नाही. यायला हवं होतं, पण येणार नाही. तुमची गाठ तेवढीच काढली आहे, म्हणजे शेक हा तुमचा उरलेला अर्धा उपचार आहे. आधीच उशीर झालाय. अजून वेळ गेलेली नाही, असं मला वाटतं. पण ते तिथले डॉक्टर सांगतील, मी नाही."

"तिथं अशीच खोली असेल?"

"अशीच. जाड भिंतींची. आत तुम्ही एकट्या असाल, थोडा वेळ. बाहेर मी बसेन, पहिल्या दिवशी. रोजचं मला जमणार नाही, ते खोटं सांगत नाही."

अंजनाने हात माझ्या भिंतीला लावला. जनरेटर बंद होता. दोघींचा श्वास मला वेगवेगळा ऐकू येत होता.

मित्रांनो, आधी मलाही हे कबूल नव्हते. इतकी वर्षे मी पहिल्या रोग्याची वाट पाहिली, आणि ती अंजनाच असावी असे मनात धरून बसले होते. आता तिने दुसऱ्या खोलीत जावे, माझ्याकडे पाठ फिरवून जावे, आणि आजच ठरवावे, एवढेच मला हवे होते. मला आवाज असता तर मी तिला तेच सांगितले असते. मला आवाज नाही; तुम्हाला आहे. तुमच्या घरात कोणी दुखणे लपवून 'सण होऊ दे', 'परीक्षा होऊ दे', 'नंतर बघू' म्हणत असेल, तर त्यांच्याजवळ बसा आणि विचारा. आणि पुढे मोठे होऊन तुमच्यापैकी कोणी माणसांच्या गरजा मोजायला बसलात, तर दारात येऊन उभे राहिलेल्यांवर थांबू नका. जे घरातून निघूच शकले नाहीत, तेही आपलेच असतात. रिकाम्या खोलीचा अर्थ कोणाला तिची गरज नाही असा होत नाही. हे मी सांगते, कारण मी ती खोली आहे.

अंजनाने डोक्यावरचा पदर नीट केला. झाडू उचलून कोपऱ्यात उभा केला. मग ती मालिनीकडे वळली आणि माझ्या चारही भिंतींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सोमवारी परळला जाते मी. आणि पत्ता कॅम्प एकचाच सांगणार."